बिटफील्डची सोय आणि रजिस्टरचा स्वभाव

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषण-मानक लागू झाले आणि नव्या दुचाक्यांमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेल्या इंजेक्शन-यंत्रणेत पेट्रोल कधी आणि किती सोडायचे, हे मायक्रोकंट्रोलर ठरवतो. प्रोसेसर, स्मृती आणि बाहेरच्या तारांशी बोलणारी मंडले हे सगळे एकाच चिपवर असलेला हा छोटा संगणक. तसाच संगणक वीजमीटरमध्ये असतो, वॉशिंग मशीनमध्ये असतो, रुग्णालयातल्या सलाइनच्या पंपातही असतो. त्यांच्यासाठी लिहिलेले बहुतेक प्रोग्राम आजही ‘सी’ या भाषेत असतात. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ती १९७०च्या दशकाच्या आरंभी घडवली.

या भाषेत बिटफील्ड नावाची एक सोय आहे. हार्डवेअरशी बोलायला ती वापरावी की नाही, हा प्रोग्रामरांमधला जुना वाद. बाहेरून पाहणाऱ्याला तो लिहिण्याच्या शैलीचा किरकोळ वाद वाटेल. मात्र त्याच्या तळाशी गेले, की भाषा काय सांगते आणि यंत्र काय करते यांत किती अंतर असू शकते ते दिसते. म्हणून तो सामान्य वाचकानेही एकदा समजून घ्यावा असा आहे.

आधी रजिस्टर म्हणजे काय ते पाहू. चिपवरच्या प्रत्येक मंडलाला काही कप्पे दिलेले असतात आणि प्रत्येक कप्प्याला ठरलेला पत्ता असतो. हा कप्पा म्हणजे रजिस्टर; तो बहुधा ८, १६ किंवा ३२ बिटांचा असतो. प्रोग्रामच्या नजरेला तो स्मृतीतल्या कोणत्याही जागेसारखाच दिसतो. पत्ता दिला की वाचता येते, पत्ता दिला की लिहिता येते. फरक इतकाच, की इथे एकेका बिटाला काम नेमून दिलेले असते. टायमरच्या नियंत्रण-रजिस्टरातला एक बिट टायमर चालू-बंद करतो, दुसरा मोजणी चढती की उतरती ते ठरवतो, आणखी दोन-तीन मिळून तिचा वेग ठरवतात. कोणता बिट कशासाठी याचे तक्ते चिप बनवणारी कंपनी आपल्या संदर्भपुस्तिकेत देते. या धंद्यातले लोक तिला सरसकट डेटाशीट म्हणतात.

असा एखादा बिट बदलण्याची जुनी रीत मास्कची. मास्क म्हणजे हव्या त्या बिटांच्या जागी १ आणि बाकी सगळीकडे ० असलेली संख्या. रजिस्टर वाचायचे, मास्क वापरून हवा तो बिट बदलायचा आणि सगळे रजिस्टर परत लिहायचे. सीमध्ये ही तिन्ही कामे एका ओळीत मावतात: ‘नियंत्रण |= (१ << ३);’. ओळ बरोबर असली तरी मुकी आहे. तिसऱ्या क्रमांकाचा बिट म्हणजे टायमर चालू करण्याचा, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते.

बिटफील्ड ही अडचण दूर करते. एखाद्या स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे अनेक घटकांच्या गठ्ठ्यात, प्रत्येक घटकाला नाव देऊन त्याने किती बिट घ्यावेत हे अपूर्णविराम घालून सांगता येते. ‘सुरू : १’, ‘दिशा : १’, ‘वेग : ३’ अशी यादी केली आणि ते स्ट्रक्चर रजिस्टरच्या पत्त्यावर बसवले, की ‘टायमर.नियंत्रण.सुरू = १;’ एवढे लिहून काम होते. डेटाशीटमधला तक्ता जणू जसाच्या तसा प्रोग्राममध्ये उतरतो. नवख्यालाही ही ओळ वाचता येते. या सोयीचे आकर्षण खरे आहे आणि ते वाटणाऱ्याला आळशी ठरवण्याचे कारण नाही.

मूळ प्रश्न असा, की ही सोय कोणत्या कामासाठी जन्मली? स्मृती महाग होती त्या काळात हो-नाही स्वरूपाच्या दहा नोंदींसाठी दहा पूर्ण कप्पे खर्ची पडू नयेत, त्या एकाच कप्प्यात दाटीवाटीने बसाव्यात, हा तिचा मुख्य उपयोग. तिथे कोणता बिट कुठे बसला याने काही बिघडत नाही. ज्याने आत ठेवले तोच बाहेर काढतो. रजिस्टरचे मात्र तसे नाही. तिथली मांडणी चिपच्या सिलिकॉनमध्ये कोरलेली असते आणि कंपायलरने, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाने, तीच मांडणी धरावी लागते.

सीचे आंतरराष्ट्रीय मानक त्याला ती धरायला भाग पाडत नाही. शेजारशेजारची बिटफील्ड जागा उरली असेल तर एकाच साठवण-कप्प्यात लागून बसतील, इतके मानक सांगते. ती उजवीकडून भरायची की डावीकडून, हे ठरवणे ते कंपायलर बनवणाऱ्यांवर सोडते. एखादा गट कप्प्यात मावला नाही तर तो पुढच्या कप्प्यात न्यायचा की दोन कप्प्यांत विभागायचा, हेही त्यांनीच ठरवायचे. हा मानककर्त्यांचा विसरभोळेपणा नव्हे. वेगवेगळ्या यंत्रांवर जे कार्यक्षम पडेल ते करता यावे म्हणून जाणूनबुजून ठेवलेली ही मोकळीक आहे. कर्निहॅन आणि रिची यांनीही सी भाषेवरच्या आपल्या पुस्तकाच्या १९८८च्या दुसऱ्या आवृत्तीत या घटकांविषयीचे जवळपास सगळेच कंपायलरागणिक बदलू शकते, असे बजावले होते.

या मोकळिकीचा परिणाम लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, डोळ्यांनी पाहता येतो. इंटरनेटवरून जाणाऱ्या प्रत्येक आयपी पाकिटाचा पहिला बाइट दोन भागांचा असतो: वरचे चार बिट आवृत्तीचे आणि खालचे चार बिट शीर्षकाच्या लांबीचे. आवृत्ती ४ आणि लांबी ५ असली, की तो बाइट षोडशमान पद्धतीत ४५ असा दिसतो. कर्नलमध्ये या शीर्षकाचे स्ट्रक्चर बिटफील्ड वापरून लिहिले आहे आणि म्हणूनच ते दोनदा लिहावे लागले आहे. एका क्रमात आधी लांबी आणि मग आवृत्ती, दुसऱ्यात नेमके उलट. यंत्र कोणते आहे ते पाहून दोहोंतला एक क्रम निवडला जातो. निवड चुकली तर पाकिटाची आवृत्ती ५ आणि लांबी ४ वाचली जाईल आणि कंपायलर एका शब्दानेही तक्रार करणार नाही.

क्रमाची अडचण निदान ओळखीची आहे आणि एकच चिप, एकच कंपायलर असेल तर टाळताही येते. त्याहून कमी ओळखीची अडचण रुंदीची. एक बिट बदलायला प्रोसेसर पत्त्यावरून एकदम ८ बिट उचलेल, १६ की ३२? साध्या स्मृतीला याचे सोयरसुतक नसते. हार्डवेअरला असते. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या एसटीएम३२एफ१ या मालिकेत पिना चालवणाऱ्या पोर्टची रजिस्टरे पूर्ण ३२ बिटांनीच वाचली-लिहिली पाहिजेत, असे संदर्भपुस्तिका स्पष्ट सांगते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी२००० मालिकेतल्या काही चिपांमध्ये वाहनांच्या कॅन जाळ्याची नियंत्रण-रजिस्टरे अशीच फक्त ३२ बिटांची मागणी करतात. तिथला कंपायलर मात्र सोयीचे पडले तर १६ बिटांचाच व्यवहार करतो. म्हणून त्या कंपनीने स्वतःच सल्ला दिला आहे, की या रजिस्टरांची आधी स्मृतीत प्रत घ्यावी, तिच्यात बदल करावा आणि मग पूर्ण ३२ बिट एकदम परत लिहावेत.

‘व्होलाटाइल’ हा शब्द लावला की सगळे सुरळीत होते, असा एक समज आहे. या शब्दाचा अर्थ असा, की इथली किंमत प्रोग्रामबाहेरूनही बदलू शकते, तेव्हा वाचन-लेखन गाळू नकोस किंवा एकात एक मिसळू नकोस. तो शब्द हवाच; पण रुंदी किती असावी हे तो सांगत नाही. जीसीसी या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या मुक्त कंपायलरमध्ये बिटफील्डच्या रुंदीचा आग्रह धरणारा वेगळा पर्याय आहे. तो नसेल तर आपण सर्वांत कार्यक्षम आज्ञा निवडू आणि त्या ओघात ज्यांचा संबंध नाही अशा शेजारच्या रजिस्टरांनाही हात लागू शकेल, असे त्याची पुस्तिकाच कबूल करते.

शेजारच्याला हात लागतो म्हणजे काय होते, याचे एक नोंदलेले प्रकरण आहे. ते रजिस्टरांचे नाही, साध्या स्मृतीचे आहे. यंत्रणा मात्र तीच. २०१२च्या सुरुवातीला लिनक्सच्या बीटीआरएफएस या फाइल-प्रणालीत इटॅनियम प्रोसेसरवर एक विचित्र बिघाड दिसला. एका स्ट्रक्चरमध्ये ३२ बिटांचे कुलूप होते, म्हणजे दोन प्रोसेसरनी एकाच वेळी एका माहितीला हात घालू नये यासाठीची खूण. त्याला लागून एका बिटाचे बिटफील्ड होते. तो एक बिट बदलण्यासाठी जीसीसीने कुलपासकट ६४ बिट उचलले, बिट बदलला आणि ६४ बिट परत ठेवले. दरम्यान दुसऱ्या प्रोसेसरने कुलपाची स्थिती बदलली होती, ती जुन्या किमतीखाली गाडली गेली. डिसेंबर २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी११ या मानकाने बिटफील्ड आणि त्याच्या शेजारचा साधा घटक या दोन वेगळ्या जागा मानाव्यात असे ठरवून ही वाट बंद केली. एकमेकांना लागून असलेली बिटफील्ड मात्र त्या मानकातही एकच जागा मानली जातात.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. क्रम जुळला, रुंदीही जुळली असे धरू. तरी ‘सुरू = १’ या ओळीत जे दिसत नाही ते उरतेच. प्रोसेसर एकटा बिट लिहू शकत नाही. घरातल्या आठ बटणांच्या बोर्डावर एकच बटण दाबायची सोय नसावी, आठही बटणांची स्थिती कागदावर टिपून, त्यातली एक खूण बदलून, सगळा बोर्ड त्या कागदाबरहुकूम पुन्हा लावावा लागावा, तसा हा व्यवहार आहे. वाचा, बदला, लिहा. मास्कच्या ओळीत हे तिन्ही टप्पे नजरेला दिसतात. बिटफील्डच्या ओळीत फक्त एक लेखन दिसते.

साध्या स्मृतीत सात बिट वाचून तसेच परत ठेवले तर काहीच घडत नाही. रजिस्टर हे स्मृती असल्याचे सोंग आहे. त्याला वाचणे हीसुद्धा एक घटना असते आणि जे वाचले तेच परत लिहिणे ही दुसरी.

याचे सर्वांत नित्याचे उदाहरण ‘१ लिहिला की पुसतो’ या जातीच्या बिटांचे. एसटीएम३२एफ१मध्ये बाहेरच्या पिनेवर हालचाल झाली, की प्रलंबित-रजिस्टरात तिच्या ओळीचा बिट १ होतो आणि इंटरप्ट उठतो. इंटरप्ट म्हणजे हातातले काम थांबवून आधी इकडे पाहा, असा हार्डवेअरने प्रोसेसरला केलेला इशारा. दखल घेतली की तो बिट पुसायचा असतो आणि पुसण्यासाठी त्यावर १ लिहायचा असतो. ५ ते ९ या ओळींना मिळून एकच इंटरप्ट आहे, त्यामुळे नेमकी कोणती ओळ हलली हे या बिटांवरूनच कळते. समजा ६ आणि ७ या दोन्ही ओळी एकाच वेळी हलल्या. प्रोग्रामरने ओळ ६ची दखल घेतली आणि ‘प्रलंबित.ओळ६ = १;’ लिहिले. प्रोसेसरने रजिस्टर वाचले, दोन्ही बिट १ आढळले, सहावा पुन्हा १ केला आणि दोन्ही १ परत लिहिले. दोन्ही पुसले गेले. ओळ ७वरची घटना कुणीही न पाहता नाहीशी झाली. ती ओळ एखाद्या चाकाच्या वेगमापकाची असेल तर एक फेरा मोजायचा राहिला.

त्याच चिपमधल्या टायमरच्या स्थिती-रजिस्टराचा रिवाज उलटा आहे. तिथले बिट ० लिहिल्यावर पुसले जातात, १ लिहिल्याने काही होत नाही. बिटफील्डने एक बिट ० केला तर वाचन आणि लेखन यांच्या मधल्या क्षणात हार्डवेअरने दुसरा बिट उभारलेला असू शकतो. वाचताना तो ० होता म्हणून लिहितानाही ० जातो आणि नुकतीच आलेली सूचना पुसली जाते. हा दोष पहिल्याहून चिवट. प्रयोगशाळेत तो शंभरदा पाहूनही सापडत नाही, कारण तो त्या काही नॅनोसेकंदांच्या फटीत घडावा लागतो. ग्राहकाकडे मात्र महिन्यातून एकदा घडतो, आणि मग ‘बंद करून पुन्हा चालू करा’ हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय पुढे येतो.

वाचनाने काय बिघडते याचे स्वच्छ उदाहरण सिरियल पोर्टचे. याच मालिकेत आलेला बाइट वाचणे आणि पाठवायचा बाइट लिहिणे या दोन्हींसाठी एकच पत्ता आहे, आत मात्र दोन वेगळे कप्पे आहेत. त्या पत्त्यावर माहितीसाठी ९ बिटांचे बिटफील्ड केले आणि त्यात एक अक्षर लिहिले तर कंपायलर आधी वाचतो. वाचले की ‘बाइट आला आहे’ ही खूण उतरते आणि तो बाइट घेतला गेला असे चिप समजते. पाठवायला म्हणून लिहिलेली ओळ आलेले अक्षर गिळून बसते.

तिसरे उदाहरण गमतीचे आहे. एआरएम या कंपनीच्या कॉर्टेक्स-एम३ व एम४ प्रोसेसरांत संपूर्ण चिप नव्याने सुरू करण्यासाठी एका रजिस्टरातला क्रमांक २चा बिट १ करायचा असतो. चुकून कुणी करू नये म्हणून वरच्या १६ बिटांत दरवेळी एक परवलीची संख्या लिहावी लागते: शून्य-पाच-एफ-ए. ती नसेल तर लेखन दुर्लक्षिले जाते. पण तेच १६ बिट वाचले तर उत्तर मिळते एफ-ए-शून्य-पाच. बिटफील्डने तो एक बिट १ करायला गेले, की एफ-ए-शून्य-पाच वाचले जाते, तेच परत लिहिले जाते आणि प्रोसेसर शांतपणे ते फेकून देतो. चूक दाखवली जात नाही, चिप नव्याने सुरू होत नाही आणि प्रोग्रामची ती ओळ मात्र निर्दोष दिसत राहते.

या सगळ्यात कंपायलरची चूक काढता येत नाही, हे लक्षात घ्यावे. एआरएमच्या प्रोग्राम-संकेतांचे जे अधिकृत मानक आहे ते व्होलाटाइल बिटफील्डविषयी नेमके बोलते. कप्प्याची पूर्ण रुंदी वापरा. लिहिताना एकदा वाचा आणि एकदा लिहा. सगळा कप्पा नव्या किमतीने भरला जाणार असला तरी ते वाचन टाळू नका. आणि हे दोन व्यवहार अखंड नाहीत, हेही तिथेच लिहिलेले आहे. म्हणजे एआरएमवर रुंदीचा प्रश्न मिटतो, पण नको असलेले वाचन नियमानेच गळ्यात पडते.

‘अखंड नाहीत’ याचा अर्थ मधे इंटरप्ट घुसू शकतो. मुख्य प्रोग्रामने रजिस्टर वाचले, तेवढ्यात इंटरप्टच्या कामाने त्याच रजिस्टरातला दुसरा बिट बदलला, मग मुख्य प्रोग्रामने आपली जुनी प्रत परत लिहिली. इंटरप्टने केलेला बदल पुसला गेला. एकाच स्ट्रक्चरमधल्या दोन वेगळ्या नावांच्या घटकांना दोन वेगळ्या ठिकाणांहून हात लावणे वाचणाऱ्याला निर्धोक वाटते. वेगळी नावे म्हणजे वेगळ्या वस्तू, ही आपली सवयच असते.

दोन किरकोळ गोष्टी जाता जाता सांगायला हव्यात. पाच घटक ओळीने बदलले तर व्होलाटाइलमुळे पाच वेळा वाचन आणि पाच वेळा लेखन होते. वेळ जातोच, पण मधल्या अवस्थांत मंडल अर्धवट जुळणीने चालते. आणि एका बिटाचे बिटफील्ड चिन्हांकित ‘इंट’ म्हणून घोषित केले तर त्यात ० आणि उणे १ एवढेच मावतात. ‘तयार == १’ ही अट मग कधीच खरी ठरत नाही. मोटार-उद्योगात पाळल्या जाणाऱ्या मिस्रा-सी या २०१२च्या नियमावलीत एका बिटाच्या चिन्हांकित बिटफील्डला थेट मनाई आहे, ती याचसाठी.

आता दुसरी बाजू. बिटफील्ड इतके घातक असेल तर चिप बनवणाऱ्या कंपन्याच ते का वापरतात? मायक्रोचिपच्या पिक मालिकेच्या हेडर फायलींत, म्हणजे प्रोग्रामला जोडायच्या तयार व्याख्यांच्या फायलींत, प्रत्येक रजिस्टराचे बिटफील्ड तयार मिळते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी२०००चेही तसेच. कारण साधे आहे. चिप त्यांची, कंपायलरही त्यांचाच. मानकाने जे मोकळे सोडले ते त्यांनी आपल्या घरात पक्के केले आहे. शिवाय पिकमध्ये एकच बिट बदलणारी स्वतंत्र यंत्र-आज्ञा आहे, त्यामुळे मधे इंटरप्ट घुसण्याची भीती बऱ्याचदा उरत नाही. तरीही वाचा-बदला-लिहा त्यांना चुकलेले नाही. जुन्या पिक१६वर पोर्टचा एक बिट बदलताना आतली नोंद न वाचता पिनांवरची प्रत्यक्ष पातळी वाचली जाई आणि जड भार असलेल्या पिनेचा बिट आपोआप बदले. म्हणून पुढे पिक१८मध्ये लॅच-रजिस्टरे वेगळी द्यावी लागली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनेही आपल्या मार्गदर्शिकेत बजावले आहे, की टायमर थांबवण्याचा बिट बिटफील्डने १ केला तर शेजारची ‘वेळ भरली’ ही खूण नकळत पुसली जाऊ शकते.

आपल्याकडे बिटफील्डची ओढ अधिक असण्याचे आणखी एक कारण असावे. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मायक्रोकंट्रोलरची पहिली ओळख अनेकांना १९८०च्या इंटेल ८०५१वर झाली. त्या चिपमध्ये ज्यांचा पत्ता आठाने भागला जातो ती रजिस्टरे बिटागणिक हाताळता येतात. ‘पी१.० = १’ लिहिले की एकच आज्ञा चालते, तिला मधे तोडता येत नाही आणि ती पिनेऐवजी आतली नोंद वाचते. या सवयीत वाढलेला विद्यार्थी एआरएमवर आला, की बिटफील्ड त्याला जुन्या ओळखीचे वाटते. लिहिण्याची पद्धत सारखी आहे; खाली चालणारे काम तसे नाही.

मास्क वापरला की सगळे दोष टळतात, असेही नाही. ‘प्रलंबित |= (१ << ६);’ ही ओळ ओळ ७ला तितकीच पुसते. फरक पारखण्याच्या वेळी पडतो. मास्कच्या ओळीत वाचन उघड्यावर असते. डेटाशीट शेजारी ठेवून तपासणारा ‘इथे वाचायचे कशाला?’ असे विचारू शकतो आणि ‘प्रलंबित = (१ << ६);’ असे साधे लेखन सुचवू शकतो. बिटफील्डमध्ये असा प्रश्न सुचायलाच जागा नाही, आणि सुचला तरी ‘फक्त लिही’ असे सांगण्याची सोय त्या वाक्यरचनेत नाही.

नावांची स्पष्टता हवी असेल तर ती मास्कमध्येही मिळते. एआरएमच्या सीएमएसआयएस हेडरांत प्रत्येक घटकासाठी स्थान आणि मास्क अशी दोन नावे दिलेली असतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये घटक काढायला ‘फील्ड-गेट’ आणि बसवायला ‘फील्ड-प्रेप’ असे मॅक्रो आहेत. मूळ वाचन-लेखन ठरावीक रुंदीच्या वेगळ्या फलनांकडून होते. चिप बनवणाऱ्यांनीही हात पुढे केला आहे. एसटीएम३२मध्ये पिन उभारायला आणि पाडायला केवळ लिहिण्याचे वेगळे रजिस्टर आहे, त्यात ० लिहिलेल्या पिनांना धक्का लागत नाही. रास्पबेरी पायच्या आरपी२०४०मध्ये बहुतेक रजिस्टरांना आणखी तीन पत्ते आहेत: एकावर लिहिले की दिलेले बिट उलटतात, दुसऱ्यावर उभे राहतात, तिसऱ्यावर पडतात. वाचा-बदला-लिहा हा प्रकारच तिथे लागत नाही. रस्ट भाषेत तर चिपच्या वर्णनफायलीवरून रजिस्टरांचा कोड तयार करणारे साधन केवळ लिहिण्याच्या रजिस्टराला वाचण्याची सोयच देत नाही.

हे सगळे समोर ठेवले, की निर्णय अवघड राहत नाही. स्मृतीत खुणा दाटीने ठेवायला बिटफील्ड उत्तम आहे आणि तिथे ते खुशाल वापरावे. कंपनीने आपल्याच चिपसाठी, आपल्याच कंपायलरवर पारखून दिलेली बिटफील्डही तिच्या मार्गदर्शिकेसह वापरायला हरकत नाही. पण नव्या प्रकल्पात, विशेषतः जो कोड दुसऱ्या चिपवर किंवा दुसऱ्या कंपायलरवर जाण्याची शक्यता आहे तिथे, रजिस्टरवर बिटफील्ड बसवू नये. ठरावीक रुंदीचा व्होलाटाइल पूर्णांक, नावे दिलेले मास्क आणि शक्य तिथे वाचनाशिवाय थेट लेखन, एवढी शिस्त पुरते. त्यासाठी दोन ओळी जास्त लिहाव्या लागतील, त्या लिहाव्यात.

पुण्या-नाशिकपासून कोल्हापुरापर्यंतच्या महाविद्यालयांत एम्बेडेड शिकवणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती. रजिस्टराच्या तक्त्यात प्रत्येक बिटाखाली ‘वाचता येतो’, ‘फक्त लिहिता येतो’, ‘१ लिहिला की पुसतो’ अशी बारीक अक्षरांतली एक ओळ असते. विद्यार्थी बिटाचे नाव पाहतात आणि ती ओळ सोडून देतात. पहिल्या प्रात्यक्षिकाला एलईडी लुकलुकवण्याआधी ती ओळ वाचून घ्यावी आणि एका बिटाच्या बदलासाठी कंपायलरने नेमक्या कोणत्या आज्ञा काढल्या, ते यंत्रभाषेच्या यादीत त्यांना शोधायला लावावे. त्याला एक तास पुरतो.